बोस्टन नेचा

घरात टांगत्या कुंडीत लावला जाणारा बहुवर्षायू, अपुष्प नेचा. शास्त्रीय नाव नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटा, लागवडीतील प्रकार ‘बोस्टोनिएन्सिस’. मूळ जाती अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील असून फ्लोरिडात दलदलीच्या दमट रानांत वाढते. तिची पाने ताठ असतात. १८९४ मध्ये फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेलेल्या रोपांत झुकत्या पानांचे एक रोप आढळले. त्यापासून हा प्रकार पुढे आला.

पाने सु. ६०–९० सेंमी. लांब व पिसासारखी विभागलेली असतात. चहूकडे झुकणाऱ्या या पानांना टांगत्या कुंडीत पुरेशी जागा मिळते. मात्र अशी कुंडी सर्व बाजूंनी वाऱ्याला उघडी असल्याने लवकर सुकते. या नेच्याला कोरड सोसत नाही, त्यामुळे त्याच्या निगेत ओलावा टिकवणे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

कुंडीत कोकोपीट, कुजलेल्या पानांचे खत आणि जाडसर वाळू किंवा पर्लाइट यांचे मिश्रण भरतात. पूर्वेच्या वा उत्तरेच्या खिडकीजवळचा उजेड आणि १६–२४° से. तापमान मानवते. दुपारच्या उन्हाने पाने करपतात. पंख्याच्या किंवा एसीच्या झोताने त्यांची टोके वाळतात.

मिश्रणाचा वरचा थर सुकू लागताच भरपूर पाणी देतात. मिश्रण पूर्ण सुकल्यास ते आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून घातलेले पाणी कडेने वाहून जाते आणि मुळांचा गड्डा कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी उतरवून १५–२० मिनिटे पाण्याच्या बादलीत ठेवतात. कोकणातील पावसाळी हवा या नेच्याला पोषक असते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात मात्र त्याला जपावे लागते. हवा दमट राहावी म्हणून मारलेल्या पाण्याच्या फवाऱ्याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो. त्यापेक्षा कुंड्या जवळजवळ ठेवणे उपयुक्त ठरते. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा निम्म्या मात्रेने द्रवखत देतात. खतातील क्षार मिश्रणात साचल्यानेही पानांची टोके तपकिरी होतात.

अभिवृद्धी गड्डा विभागून किंवा सरपटत्या, दोरीसारख्या खोडांवर येणाऱ्या रोपांपासून करतात. खवले कीड, पिठ्या ढेकूण व लाल कोळी यांचा उपद्रव होतो. नेच्यांच्या पानांच्या पाठीवर ओळीने दिसणारे तपकिरी ठिपके हे बीजुककोशांचे पुंज असतात, ते कीड समजून खरवडू नयेत. खवले कीड शिरांवर व देठांवर विखुरलेली असते आणि नखाने अखंड सुटते. हा नेचा मांजर-कुत्र्यांना विषारी नाही.