नाव नसलेला छळ कागदात कसा शोधायचा?

'कामाच्या ठिकाणचा छळ' हा विषय घेऊन कोणी १९२०च्या दशकातल्या मुंबईच्या गिरण्यांची कागदपत्रं चाळायला बसलं, तर सुरुवातीला हाती फारसं काही लागणार नाही. कारण हा विषय अभ्यासात आला तोच उशिरा. स्वीडनमध्ये हाइन्झ लेमान यांनी १९८०च्या दशकात त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला आणि १९९३ साली तिथे त्यासाठी स्वतंत्र नियम झाला. पण नाव नव्हतं म्हणून गोष्टच नव्हती, असं थोडंच आहे?

मग शोधायचं काय? रोजच्या बारीकसारीक गोष्टी कोणाच्या हातात होत्या, ते.

गिरणीत त्या जॉबरच्या हातात होत्या. कामावर घेणं, काढणं, रजा, कोणाला कोणतं काम द्यायचं, सगळं त्याच्याकडे. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभे राहत. आज आत कोण जाणार हे जॉबर ठरवी. नोकरी मिळवायला आणि टिकवायला त्याला दस्तुरी द्यावी लागे. काही जॉबर व्याजाने पैसेही देत, म्हणजे गिरणीबाहेरही सुटका नाही. बायकांच्या खात्यांत हीच जागा नायकिणीची.

इथे पुराव्याची अडचण समजून घ्या. दस्तुरी, बदली, दंड, बडतर्फी असे शब्द कागदात सापडतात, पण वेगवेगळ्या पानांवर. सुटी घटना किरकोळ वाटते. तीच माणसं, तोच वरचष्मा, पुन्हा पुन्हा, आणि दाद मागायची ती त्याच माणसाकडे: हे जुळलं की छळ दिसू लागतो. लेमान यांच्या व्याख्येतही वारंवारता हाच कळीचा मुद्दा आहे.

मात्र जॉबरला सरसकट खलनायक करू नका. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४च्या ग्रंथात दाखवलं की त्याची सत्ता अमर्याद नव्हती. कामगारांची साथ गेली तर तोही अडचणीत येई. मालकांना मात्र ही व्यवस्था सोयीची होती. कमी खर्चात शिस्त मिळत होती ना!

कामगारांनी काय केलं? कोणी दुसरी गिरणी धरली, कोणी सहन केलं. १९२८च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिच्या गिरणी समित्यांमुळे जॉबरला वगळून तक्रार मांडायची वाट निघाली. १९३१ साली व्हिटली आयोगाने भरती आणि बडतर्फीचे अधिकार जॉबरकडून काढून घ्यावेत, अशी शिफारस केली. १९३५ पासून मुंबईत बदली कामगारांना कार्डं देण्याची पद्धत आली. जॉबरची सत्ता एका दिवसात संपली नाही, पण दारातली निवड आता फक्त त्याच्या मर्जीवर राहिली नाही.

जॉबरला 'नीट वाग' असं सांगून फार काही बदललं नव्हतं. एका माणसाच्या मुठीतली गोष्ट बाहेर काढल्यावर बदल सुरू झाला.

आपलं क्षेत्रही एका सहीवर चालतं, हे तुम्हाला लवकरच कळेल. म्हणून प्रवेश घेण्याआधीच विचारून ठेवा: इथे मार्गदर्शकाबद्दल तक्रार असेल तर ती मार्गदर्शकाशिवाय दुसरं कोण ऐकतं? आणि काही खटकलं, तर तारखेसह लिहून ठेवा. सुट्या नोंदी जुळवल्यावर काय दिसतं, ते वर पाहिलंच.