मौनानंतरचे गाणे

गवई गात असतो तोपर्यंत श्रोत्यांचे त्याच्याशी असलेले नाते सोपे असते. तो गप्प झाला की ते अवघड होते. मैफलींतून त्याचे नाव दिसेनासे होते, आणि त्याच्या गाण्याची राखण श्रोत्यांची स्मृती करू लागते. ही राखणदारीण मोठी प्रेमळ, पण तितकीच हट्टी असते. जे ऐकले होते ते ती उजळून ठेवते, त्यातले उणे पुसून टाकते, आणि हळूहळू एक असा गवई निर्माण करते की जो प्रत्यक्षात कधीच गात नव्हता. पुढे तो खरा गवई परत आला, तर त्याला पहिला सामना ह्या कल्पनेतल्या गवयाशीच द्यावा लागतो. कुमार गंधर्वांच्या पुनरागमनाचा इतिहास हा अशाच एका सामन्याचा इतिहास आहे. तो मध्य प्रदेशात घडला असल्यामुळे जबलपूरच्या मराठी वाचकाला त्याकडे थोड्या आपलेपणाने पाहण्याचा अधिकार आहे.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ ह्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. घर कानडी, वातावरण गाण्याचे. वयाच्या सातव्या वर्षी एका मठाधिपतींनी त्या मुलाला 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली, आणि पदवीनेच मूळ नावाची जागा घेतली. थोरामोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हा मुलगा त्या हुबेहूब म्हणून दाखवी. त्या काळच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. तेवढ्या अवधीत गवयाने जे साधले असेल ते सगळे, त्याच्या आवाजाच्या लकबींसकट, हा मुलगा जसेच्या तसे उभे करी. लोक थक्क होत. दुसऱ्यांसारखे गातो म्हणून त्या मुलाचे कौतुक झाले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे हाच मुलगा स्वतःसारखे गाऊ लागला तेव्हा त्याच्याविषयी वाद माजला.

१९३६ च्या सुमारास तो मुंबईस प्रा. बा. र. देवधर ह्यांच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. म्हणजे परंपरा ग्वाल्हेरची. परंतु त्यांची दृष्टी उदार होती. कोणत्याही घराण्यातले चांगले ते घ्यावे, समजून घ्यावे आणि मग आपले करावे, अशी त्यांची शिकवण. ह्या विद्यालयात नकलेचे रूपांतर विद्येत झाले. अंजनीबाई मालपेकर ह्यांच्याकडूनही कुमारांना तालीम मिळाली. विशी ओलांडेपर्यंत त्यांचे नाव पहिल्या प्रतीच्या तरुण गवयांत घेतले जाऊ लागले. १९४७ साली विद्यालयातील सहाध्यायी भानुमती कंस ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि त्याच वर्षी क्षयाचे निदान झाले.

त्या काळी क्षय म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकाला सांगावे लागेल. खात्रीचा उपाय नव्हता. कोरडी हवा, सकस अन्न आणि सक्तीची विश्रांती, एवढेच वैद्याच्या हाती होते. ज्याला फुप्फुसाच्या बळावर पोट भरायचे, त्याला तर हा रोग दुहेरी शिक्षा होती. गाल तर जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले. माळव्याची हवा मानवेल म्हणून कुमारांना देवासला नेण्यात आले. त्यांचे देवासला पाऊल पडले तो दिवस ३० जानेवारी १९४८, म्हणजे महात्मा गांधींच्या हत्येचा दिवस. देवास हे काही त्यांनी निवडलेले गाव नव्हते. सरकारी नोकराला बदलीचा हुकूम यावा, तसा हा हुकूम प्रकृतीने काढला होता, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती.

पुढची पाच-सहा वर्षे हा गवई गायला नाही. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून संसार सांभाळला आणि रुग्णाची शुश्रूषा केली. ह्या इतिहासातला त्यांचा वाटा टाळ्यांच्या आवाजात नेहमीच बुडून जातो, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवीत आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला गाता येत नव्हते, परंतु ऐकता येत होते. देवासच्या रस्त्याने नाथपंथी जोगी निर्गुणी भजने म्हणत जात. बायका सणावाराला, लग्नकार्याला, पावसाच्या तोंडावर माळवी गीते गात. ह्या गीतांचा आवाका बहुधा चार-पाच स्वरांचा. पण तेवढ्यात त्यांची चाल पुरी होई आणि मनात घर करून राही. ज्याने आयुष्यभर थोर उस्तादांचे ऐकून उचलले होते, तो आता निनावी गळ्यांचे ऐकू लागला. मात्र ह्या वेळी उचलून म्हणण्याची मुभा नव्हती. ऐकलेले मनातच ठेवावे लागे, उलटसुलट करावे लागे, ते कशाने बनले आहे ह्याचा विचार करावा लागे. मौनाने नकलेचा मार्ग बंद केला आणि चिंतनाचा उघडला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दरम्यान जगात एक निराळी घटना घडली होती. १९४३ साली अमेरिकेत सेलमन वाक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसीन हे औषध सापडले. त्याबद्दल वाक्समन ह्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास ह्या औषधाने कुमारांना गुण आला. एक फुप्फुस मात्र कायमचे निकामी झाले होते. १९५३ साली ते पुन्हा मैफलीस बसले.

ह्या गाण्याकडे लोक कान लावून बसले होते. परंतु जो आवाज आला तो त्यांच्या ओळखीचा नव्हता. पूर्वीची लांब पल्ल्याची, दमदार तान विरळ झाली होती. वाक्ये आखूड, मधून मधून स्तब्धता, एखादा स्वर एकदम उंच फेकलेला तर दुसरा कुजबुजल्यासारखा. मंदगती ख्यालाचा विस्तीर्ण पसारा मांडण्यापेक्षा मध्यलयीत बंदिशीच्या शब्दांशी आणि तिच्या भावाशी खेळण्याकडे ओढा अधिक. शिवाय ओळखीच्या रागांच्या जोडीला नवीनच नावे कानी पडू लागली: मालवती, संजारी, सहेली तोडी, लगनगंधार. हे राग त्यांनी लोकधुनींच्या पोटात शोधले होते. जुने रागही एकेकाळी अशाच धुनींतून निघाले असले पाहिजेत, मग ती वाट आज बंद का मानावी, असा त्यांचा प्रश्न होता.

श्रोत्यांत तट पडले. पहिला तट जुन्या चाहत्यांचा. त्यांना तो विलक्षण मुलगा परत हवा होता, आणि परत आला होता तो मरणाच्या दारातून फिरलेला, तिशीच्या उंबरठ्यावरचा गृहस्थ. दुसरा तट घराण्यांच्या अभिमान्यांचा. शिस्त मोडली, लोकगीताला ख्यालाच्या पंक्तीस बसविले, असा त्यांचा आक्षेप. हा आक्षेप हेटाळण्याजोगा नाही. पिढ्यान् पिढ्या जपलेली वस्तू एकाच्या लहरीने विसकटू नये, ही चिंता प्रामाणिक असू शकते. तिसरा तट नव्याने जमलेल्यांचा. त्यांत साहित्यिक होते, चित्रकार होते, पत्रकार होते. पु. ल. देशपांडे आणि 'घरंदाज गायकी'चे लेखक वामनराव देशपांडे ह्यांसारखे जाणते स्नेही होते. इंदूरचे रसिकाग्रणी रामूभैया दाते, 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णु चिंचाळकर ही माळव्यातली मंडळी तर निकटची होती.

वादाचा एक मुद्दा आजही निघतो. आखूड वाक्ये हा एका फुप्फुसाचा परिणाम, की ही विचारपूर्वक घडविलेली शैली? मला हा प्रश्नच फारसा फलदायी वाटत नाही. नदीला खडक आडवा आला म्हणून ती वळली, हे खरे; पण वळल्यावर तिने जो काठ हिरवा केला तो काही खडकाचा पराक्रम नव्हे. दम कमी पडलेले गवई पुष्कळ झाले. त्यांतल्या बहुतेकांनी जुनेच गाणे काटकसरीने गाऊन दाखविले. कुमारांनी ती काटकसर केली नाही. हाती उरलेल्या दमात नवे काय मावते, हे त्यांनी पाहिले. लोकगीताने चार स्वरांत पुरे होण्याची विद्या त्यांना अगोदरच शिकविली होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्याकडे गेले. महाकोशल, मध्यभारत, विंध्यप्रदेश आणि भोपाळ मिळून नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला आले. जबलपूरच्या मराठी घरांचा नागपूरशी असलेला राजकीय धागा त्या दिवशी तुटला. परंतु देवास आणि जबलपूर प्रथमच एका राज्यात आले. नर्मदेने हा संबंध कधीचाच जोडला होता. जी नर्मदा ग्वारीघाटावरून वाहते, तीच पुढे देवास जिल्ह्यातील नेमावरच्या पायऱ्यांना स्पर्श करते.

कुमारांनी पुढे ज्या मराठी कवीच्या रचनांवर स्वतंत्र मैफल उभी केली, ते भा. रा. तांबे हेही मध्य हिंदुस्थानातच वाढलेले आणि संस्थानी नोकरीत वावरलेले. मराठी मुलखाबाहेर राहून मराठीला काही देता येते, ह्याची ही दोन उदाहरणे एकमेकांना भेटली.

१९६५ हे वर्ष ह्या कहाणीत महत्त्वाचे. त्या साली मौज प्रकाशनाने 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा आणि नव्या रागांचा ग्रंथ काढला, आणि त्याच साली 'मला उमजलेले बालगंधर्व' ही मैफल लोकांपुढे आली. बालगंधर्व त्या वेळी हयात होते. त्यांची पदे म्हणजे महाराष्ट्राचे दैवत; त्यांतली एकेक हरकत भक्तांना पाठ. लहानपणी ह्याच कुमारांनी ती पदे हुबेहूब म्हटली असती, तर श्रोते डोक्यावर घेऊन नाचले असते. आता त्यांनी शीर्षकातच सांगून टाकले की हे बालगंधर्व मला उमजले तसे आहेत. काही भक्तांना तो अधिक्षेप वाटला. वस्तुतः ह्याहून नम्र शीर्षक शोधूनही सापडणार नाही. मूर्ती माझी आहे असे गायक म्हणत नव्हता. मी ज्या जागेवरून दर्शन घेतले ती जागा माझी, एवढेच त्याचे म्हणणे होते.

दीर्घ तबकडी प्रचारात आल्यावर हे गाणे मैफलीबाहेर दूर पोचले. तीन मिनिटांच्या जागी वीस मिनिटे मिळाली, आणि कबीर, सूर, मीरा ह्यांच्या 'त्रिवेणी'सारख्या तबकड्या हिंदी घरांतही वाजू लागल्या. निर्गुणी भजनांनी तर ज्यांना ख्यालाचे वावडे होते तेही बांधले गेले. देवासच्या जोग्यांकडून घेतलेले ऋण त्यांच्याच मुलखाला व्याजासकट परत मिळाले. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वेळी कुमारांनी 'गांधी मल्हार' रचला. ज्या दिवशी देवासचा मुक्काम सुरू झाला त्या दिवसाचीही ती आठवण होती, असे मानावयास हरकत नाही. १९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले. प्रकृती सुधारल्यावर मुंबईस परत जाण्याची वाट मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही.

ज्या गाण्यावर घराणे मोडल्याचा आरोप होता, त्याच गाण्याचे शिष्य आणि चाहते पुढे तयार झाले, आणि कित्येकांनी गुरूची आखूड वाक्ये, त्याचे फेकलेले स्वर, त्याची स्तब्धताही उचलली. जन्मशताब्दीच्या वर्षात, म्हणजे १९२३ नव्हे तर २०२३-२४ मध्ये, ठिकठिकाणी त्यांचे स्मरण झाले तेव्हा विरोधाचा सूर कोठेच उरला नव्हता. ही गोष्ट आनंदाची आहे, पण थोडी सावध करणारीही आहे. एके काळी त्या मुलाची आठवण त्या प्रौढ गवयाच्या आड आली. आता त्या प्रौढ गवयाची आठवण उद्याच्या एखाद्या नव्या गळ्याच्या आड येऊ शकेल. स्मृती आपले काम थांबवीत नाही.

आपण बदलीच्या गावी राहणारे लोक सामानाबरोबर एक गाव मनात घेऊन येतो. पुण्याचे, नागपूरचे वा साताऱ्याचे. त्या गावाची पदे, त्या गावाचे गणपती, त्या गावाची बोली आपण जपतो, आणि ते योग्यच आहे. पण दाराशी नर्मदेच्या परिक्रमेला निघालेले लोक गात जातात. कातिकाच्या पहाटे घाटावर बुंदेली गळे उठतात. दहा वर्षे एका गावी काढून त्यांतली एक चालही ज्याच्या कानात शिरली नाही, त्याने ते गाव नुसते नोकरीपुरते पाहिले. देवासला आलेल्या त्या रुग्णाला उठून फिरण्याचीसुद्धा परवानगी नव्हती. खिडकीतून जेवढे ऐकू येई तेवढ्यावर त्याने पुढच्या चाळीस वर्षांचे गाणे उभारले.