65 मिलिमीटरच्या पुढे

जुन्या जावाचं किंवा येझदीचं इंजिन दुकानात आलं की मी आर.सी. बुक मागत नाही. हेड काढतो, पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन खरवडतो आणि तिथे ठोकलेला आकडा वाचतो. 0.25, 0.50, 0.75, 1.00. अडीचशेच्या गाडीचा सिलिंडर कारखान्यातून निघाला तो 65 मिलिमीटर बोअरचा. पिस्टन धरला, सिलिंडरला ओरखडे पडले, की पाव मिलिमीटरने बोअर वाढवायचा आणि तेवढा मोठा पिस्टन घालायचा. गाडी किती वेळा उघडली गेली ते या आकड्यात असतं.

कारखान्याची हकिगत थोडक्यात सांगतो. मुंबईत जावा विकणारे रुस्तम इराणी यांनी आयातीवर बंधनं आल्यावर म्हैसूरला कारखाना काढला. 1961 साली म्हैसूरचे तेव्हाचे राज्यपाल जयचामराज वडियार यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीचा परवाना संपल्यावर 1973 पासून टाकीवर ‘येझदी’ आलं आणि 1996 ला कारखान्याला कुलूप लागलं. नावं बदलली, पण मुळातलं इंजिन तेच: 248.5 सीसी, टू-स्ट्रोक, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. आणि सिलिंडर बिडाचा.

बीड म्हटलं की कोल्हापूरला काय शिकवायचं? इथल्या फौंड्र्यांनी गुऱ्हाळाचे चरक ओतले, विहिरीवरची ऑइल इंजिनं केली. बाबूराव पेंटरांनी तर शंभर वर्षांमागे सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला. त्या मानाने उद्यमनगरात मोटरसायकलचा सिलिंडर बोअर करणं म्हणजे किरकोळ जॉब. पण हा किरकोळ जॉब पुन्हा पुन्हा यायचा, त्यामुळे कित्येकांची दुकानं त्यावर उभी राहिली.

का यायचा? पहिलं कारण ऑइलचं. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. जुन्या जावाला 25 ला 1, म्हणजे लिटरमागे 40 मिली. बचत म्हणून ते निम्मं करणारे महाभाग गावोगावी होते. दुसरं कारण घाट. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना लोक गिअरमध्ये थ्रॉटल बंद करून गाडी सोडायचे. उतारामुळे इंजिन जोरात फिरतं, पण पेट्रोल जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही. चढाला तग धरलेला पिस्टन उताराला धरायचा आणि मालक म्हणायचा, ‘आता तर लोडसुद्धा नव्हता!’ जाणते लोक उताराला क्लच दाबून मधूनमधून थ्रॉटल पिळायचे.

पण माझा राग तिसऱ्या कारणावर आहे. क्रँकच्या दोन्ही बाजूंना ऑइल सील असतं. डावीकडचं, क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं. मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो, गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत जातं. हे आंधळ्यालाही कळतं. उजवीकडचं, डायनामोच्या बाजूचं सील मात्र गुपचूप जातं. तिथून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एक दिवस पिस्टन धरतो. मिस्त्री हेड-सिलिंडर काढतो, ओरखडे बघतो, ‘हाफ इंजिन करावं लागेल’ म्हणतो. बोअर होतो, नवा पिस्टन पडतो, सील तसंच राहतं. काही महिन्यांनी तीच गाडी, तोच सिलिंडर. म्हणून मी पिस्टनवरचा तो आकडा गाडी किती पळाली याचा हिशेब मानत नाही. त्यातला बराचसा भाग चुकलेल्या निदानांचा आहे. दहा-वीस रुपयांच्या रबरासाठी चांगलं बीड खरवडलं गेलं, आणि आमच्या धंद्याने ते खुशीने खरवडलं.

1985 च्या सुमाराला हिरो होंडा सीडी 100 आणि यामाहा आरएक्स 100 आल्या आणि पेट्रोलचा हिशेब करणारा मालक तिकडे वळला. कारखाना बंद पडल्यावर मोठ्या मापाचे पिस्टन मिळेनासे झाले. मग लायनर आला. सिलिंडर आतून मोठा कापायचा, बिडाची नवी नळी प्रेसने बसवायची, तिच्यात पोर्ट उघडायचे आणि बोअर पुन्हा 65 ला आणायचा. खरी मेहनत त्यानंतर. प्रत्येक पोर्टची धार कानशीने हलकेच मोडावी लागते. ती तशीच ठेवली तर रिंग पोर्टमध्ये अडकते आणि पहिल्या चार किकमध्ये तुकडे होतात. होनिंगच्या घाईत ही धार विसरणारे आजही आहेत.

2018 ला जावा परत आली ती 293 सीसीची, फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी. तिचा एकही पार्ट जुन्या इंजिनाला लागत नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन पुण्या-बंगळुरूहून नुसता सिलिंडर पाठवतात आणि ‘65 करून ठेवा’ म्हणतात. मी करत नाही. बाजारातल्या पिस्टनवर 65 लिहिलेलं असलं तरी मायक्रोमीटर लावला की प्रत्येक वेगळा निघतो, आणि मला पिस्टन-सिलिंडरमध्ये अडीच-तीन थाऊच (इंचाचे हजारावे भाग) सोडायचे असतात. पिस्टन हातात आला की माप घेऊन बोअर करतो. सोबत दोन्ही सीलही मागवतो. ती नसतील तर सिलिंडर कपाटात पडून राहतो.