प्रत्यंचामोचक

धनुष्याची ताणलेली प्रत्यंचा बोटांऐवजी खटक्यात अडकवून धरणारे व चाप दाबताच ती सोडणारे, हातात धरावयाचे साधन. खेळाडू त्यास नुसते ‘रिलीज’ म्हणतात. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, तर मराठीत चाप बंदुकीचा; या साधनात दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत.

बोटांवरून सुटताना प्रत्यंचा किंचित बाजूला सरकते व बाणास आडवा झोका बसतो. हा दोष कमी करण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. धनुर्वेदविषयक संस्कृत ग्रंथांत पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण, मत्सरी व काकतुंडी अशा पाच मुष्टी सांगितल्या आहेत. आशियाच्या मोठ्या भागात प्रत्यंचा अंगठ्याने ओढीत. अंगठा दिल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे महाभारतात म्हटले आहे. अंगठ्याच्या रक्षणासाठी कड्यासारखी अंगठी वापरीत. चीनमध्ये आन्यांग येथे १९७६ मध्ये उत्खनन झालेल्या फू हाव राणीच्या थडग्यात (इ. स. पू. सु. १२००) अशी जेड दगडाची अंगठी मिळाली. मोगल दरबारात ती अलंकारही ठरली. मात्र अंगठी प्रत्यंचेला आधार देई. ती सोडण्याचे काम अंगठ्याचेच राही.

ते काम यंत्राकडे गेले ते क्रॉसबोमध्ये, म्हणजे दांड्यावर आडव्या बसविलेल्या धनुष्यात. चीनमधील युध्यमान राज्यांच्या काळातील काशाच्या चापयंत्रात प्रत्यंचा धरणारा दात, मधली तरफ व चाप असे तीन भाग असत. चाप ओढताच तरफ निसटे आणि दात खाली फिरे. प्रचंड ताणही बोटाच्या अल्प दाबाने मोकळा होई. शीआनजवळ १९७४ मध्ये सापडलेल्या मृत्तिका-सैन्याबरोबर अशी अनेक यंत्रे मिळाली आहेत. यूरोपात प्रत्यंचा शिंगाच्या फिरत्या गोट्यात अडकवून खालच्या लांब दांडीने सोडीत. पुढे नेमबाजीच्या क्रॉसबोंना आधी सज्ज करून मग अलगद स्पर्शाने सुटणारे चाप आले.

हातातील स्वतंत्र मोचकास खरे महत्त्व संयुक्त (कंपाउंड) धनुष्यामुळे आले. अमेरिकेतील हॉलिस विल्बर ॲलन यांना त्याचे एकस्व १९६९ मध्ये मिळाले. या आखूड धनुष्यात पूर्ण ताणाच्या वेळी प्रत्यंचेचा कोन अरुंद होऊन बोटे चिमटतात. म्हणून तिला दोऱ्याचा छोटा फास बांधून त्यात मोचक अडकवितात.

चापाचे समायोजन साधारणतः दोन स्क्रूंनी होते : एक स्प्रिंगचा ताण, म्हणजे लागणारा दाब, ठरवितो, दुसरा खटक्याच्या दोन कडांची परस्परांवरील पकड, म्हणजे चापाचा प्रवास. चाप जितका हलका तितका नेम अचूक, ही समजूत चुकीची आहे. फार हलक्या चापाने बाण सुटण्याचा क्षण आधीच कळतो. धनुर्धर लक्ष्य दिसताच बोट झटकतो आणि सवय जडली की मन लक्ष्यावर स्थिरच होत नाही. अनेक अनुभवी खेळाडू म्हणूनच चाप मुद्दाम जड ठेवून, पाठीचे स्नायू आवळत दाब हळूहळू वाढवितात. बिजागरीच्या मोचकात तर चापच नसतो. हात किंचित फिरला की अर्धचंद्राकृती कडेवरून खटका निसटतो. पकड प्रमाणाबाहेर कमी केल्यास मोचक ओढतानाच सुटून मूठ तोंडावर आदळते व बाण भलतीकडे जातो. यासाठी स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवून, प्रत्येक वेळी धनुष्याऐवजी दोरीच्या फासावर चाचणी घेतात.

स्पर्धांच्या नियमांनुसार मोचक संयुक्त धनुष्याच्या गटातच चालतो. तो धनुष्याला जोडलेला नसावा व त्यात विद्युत् वा इलेक्ट्रॉनिक भाग नसावेत. जागतिक मैदानी स्पर्धेत हा गट १९९५ मध्ये जाकार्ता येथे आला. २०२३ मध्ये बर्लिन येथे त्यातील वैयक्तिक सुवर्णपदके साताऱ्याच्या अदिती स्वामी व नागपूरचे ओजस देवतळे यांनी मिळविली. ऑलिंपिकमध्ये मात्र या गटास दीर्घकाळ प्रवेश नव्हता. २०२८ च्या लॉस अँजेल्स स्पर्धेत मिश्र सांघिक प्रकार घेण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला.