व्यवस्थापन-प्रवेशाची मुलाखत आणि पेठ तालुक्यातील विद्यार्थी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

व्यवस्थापन शिक्षणात प्रवेश-मुलाखतीला महत्त्व का आले, याचे उत्तर त्या शिक्षणाच्या अध्यापनपद्धतीत सापडते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने हार्वर्डच्या सहकार्याने प्रकरण-अभ्यास पद्धती स्वीकारली. उद्योगातील प्रत्यक्ष प्रश्नावर वर्गात चर्चा करणे हेच जेथे अध्ययन, तेथे लेखी गुणांबरोबर युक्तिवादाचीही पारख होणे क्रमप्राप्त होते.

तथापि ही पारख सर्वांना सारखीच सोपी नव्हती. पेठ तालुक्यातील कोकणा, वारली वा महादेव कोळी विद्यार्थ्याला घरची बोली, शाळेची प्रमाण मराठी आणि मुलाखतीची इंग्रजी असे तीन टप्पे ओलांडावे लागतात. २००६ च्या कायद्याने केंद्रीय शैक्षणिक संस्थांत अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के जागा राखीव झाल्या. परंतु मुलाखतीच्या खोलीतील संकोच कायद्याने दूर होत नाही. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतील मुलाखत पुढे बंद झाली, अहमदाबादला मात्र ती कायम आहे.

म्हणून मुलाखतीची तयारी म्हणजे उत्तरांचे पाठांतर नव्हे. पेठहून दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत हंगामी कामाला जाणारी कुटुंबे मजुरी, प्रवासखर्च आणि पावसाळ्यातील भात-नागलीची शेती यांचा मेळ दरवर्षी घालतात. हाही व्यवस्थापनाचाच अनुभव होय. तो आकडेवारीसह, सोप्या इंग्रजीत, निःसंकोचपणे मांडण्याचा सराव महाविद्यालयांनी पदवीच्या पहिल्या वर्षापासून करून घ्यावा. अन्यथा जागा राखीव असूनही उंबरठा उंचच राहील.