डेसाऊचे सूर्योपासक

ग्रह शोधावयास निघालेल्या माणसाला आयुष्यभर तो ग्रह सापडू नये, आणि तरीही त्याचे नाव विज्ञानाच्या इतिहासात अजरामर व्हावे, ही गोष्ट नवलाची खरी. जर्मनीतील डेसाऊ येथील हाइनरिख श्वाबे (१७८९–१८७५) यांच्या बाबतीत नेमके हेच घडले.

श्वाबे हे व्यवसायाने औषधविक्रेते. आकाशनिरीक्षण हा त्यांचा छंद. बुधाच्याही आत एखादा ग्रह फिरत असावा, अशी शंका त्या काळी घेतली जात असे. असा ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना काळ्या ठिपक्यासारखा दिसणार. पण सूर्यावर डागही असतातच. ग्रह कोणता आणि डाग कोणता, हे ओळखावयाचे तर प्रत्येक डागाची नोंद ठेवणे प्राप्त होते. १८२५ साली श्वाबे यांनी हे काम आरंभिले. पुढे १८२९ मध्ये त्यांनी औषधालय विकून टाकले आणि ते सर्वस्वी या उपासनेला लागले.

ढगांनी सूर्य झाकला नसेल त्या दिवशी दुर्बिणीशी बसावे, डाग मोजावेत, वहीत उतरवावेत, हा त्यांचा नित्यनेम. ग्रह काही दिसेना. परंतु वह्या मात्र बोलू लागल्या. १८२८ साली डागांचे २२५ समूह आढळले होते. १८३३ साली केवळ ३३. १८३७ मध्ये ती संख्या ३३३ वर गेली आणि १८४३ मध्ये पुन्हा ३४ वर उतरली. डागांची ही भरती-ओहोटी सुमारे दहा वर्षांनी फिरून येते, असे श्वाबे यांनी १८४३ च्या अखेरीस नम्रपणे मांडले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८५१ साली हुम्बोल्ट यांनी आपल्या ‘कॉसमॉस’ ग्रंथात तो तक्ता छापला, तेव्हा कोठे विद्वानांचे डोळे उघडले. लगेच १८५२ मध्ये रुडॉल्फ वोल्फ यांनी जुन्या नोंदी धुंडाळून हे चक्र सरासरी अकरा वर्षांचे ठरविले. पृथ्वीवरील चुंबकीय क्षोभही त्याच तालावर चालतात, हेही त्याच वर्षी उमगले. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने श्वाबे यांना सुवर्णपदक अर्पण केले.

तो ग्रह मुळी नव्हताच. बुधाच्या गतीतील ज्या विसंगतीसाठी पुढे त्याची कल्पना पुन्हा उचलून धरली गेली, तिचा उलगडा १९१५ साली आइनस्टाइन यांच्या सिद्धांताने झाला. श्वाबे यांची साडेतीन तपांची तपश्चर्या मात्र वाया गेली नाही. आपल्याकडे कोडईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून जमा झालेली सूर्याची छायाचित्रे हीदेखील त्याच परंपरेची ठेव होय. हवे ते दिसले नाही म्हणून जे दिसले ते टाकून द्यावयाचे नाही, एवढाच त्या परंपरेचा आग्रह असतो.