लंडनचें काळें धुकें

दगडी कोळशाच्या धुराशीं लंडन शहराचें वैर फार जुनें. १६६१ सालीं जॉन ईव्हलिन यानें या धुराविषयीं 'फ्यूमिफ्यूजियम' नांवाचा ग्रंथ लिहून तो दुसऱ्या चार्ल्स राजास सादर केला. राजा प्रसन्न झाला. धूर मात्र पूर्ववत् निघत राहिला!

१९५२ च्या डिसेंबरांत ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत वारा पडला, वर उबदार हवेचें झांकण बसलें, आणि सारा धूर शहरावरच कोंडला. प्रथम बोभाटा झाला तो गुरांचा. स्मिथफील्डच्या प्रदर्शनासाठीं आणलेलीं धष्टपुष्ट जनावरें धापा टाकूं लागलीं, कांहीं मेलीं. माणसें आपापल्या घरीं व रुग्णालयांत मरत होतीं. त्यांचा हिशेब मागाहून लागला, सुमारें ४,००० चा. पुढील महिन्यांतील मृत्यु सरकारी अहवालानें इन्फ्ल्यूएंझाच्या खातीं मांडले. मरणाच्या नोंदींतही सरकारास काटकसर सुचते! अलीकडील संशोधक तो आंकडा १२,००० पर्यंत नेतात.

मृतांपैकीं कांहींच्या फुप्फुसांचे तुकडे जतन केलेले होते. अर्ध्या शतकानंतर ते पुन्हा सूक्ष्मदर्शकाखालीं आले. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या शोधांत काजळीच्या अतिसूक्ष्म कणांच्या गुठळ्या आणि शिसें, जस्त, कथील यांचे अंश आढळले. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर एक भाग १०० नॅनोमीटरांचा होतो. अतिसूक्ष्म कण त्याहूनही लहान. जाड धूळ नाकाघशांत अडते. हे कण फुप्फुसाच्या शेवटच्या कप्प्यांत जाऊन बसतात. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानें चुलींचा व कारखान्यांचा काळा धूर हळूहळू आवरला. मोटारींतून निघणारे, डोळ्यांस न दिसणारे कण त्याच्या कक्षेंत नव्हते.